उडदाचे पिवळे पान आणि नीटचा निकाल

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की झाशीतील मराठी घरांतून, मग ती नेवाळकर राजांच्या अमदानीत येथे स्थायिक झालेली जुनी घराणी असोत की रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे असोत, एकच प्रश्न माझ्यापुढे येऊ लागतो: गुण कमी पडले, आता आणखी एक वर्ष ‘ड्रॉप’ घ्यावा की नाही? प्रश्न विचारणारे बहुधा वडील असतात, आणि ज्याच्या आयुष्यातले ते वर्ष जायचे असते तो मुलगा शेजारी खाली मान घालून बसलेला असतो.

माझे उत्तर स्पष्ट आहे. मुलाने किंवा मुलीने स्वतः होऊन मागितला तर दुसरा प्रयत्न अवश्य द्यावा. तिसऱ्याची शिफारस मी करीत नाही. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले, आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी व खाजगी मिळून १ लाखाहून थोड्याच अधिक होत्या. हा हिशेब समोर असता अपयशाचा सारा ठपका मुलाच्या आळसावर ठेवणे अन्यायाचे आहे. दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माण या वाटा सर्वांस ठाऊक आहेत आणि त्यांची माहिती कोठेही मिळते, म्हणून त्यांवर येथे जागा खर्च करीत नाही. मला सांगायचे आहे ते ज्याला जीवशास्त्र खरोखर आवडते, पण ज्याच्या आवडीचा अर्थ घरच्यांनी परस्पर ‘डॉक्टरकी’ असा लावून टाकला आहे, त्या विद्यार्थ्यासाठी.

अकरावीच्या जीवशास्त्राचा दुसरा धडा काढून पाहावा. व्हिटेकरने १९६९ साली सजीवांची पाच सृष्टींत वाटणी केली, तीत विषाणूंना कोठेच जागा मिळाली नाही, म्हणून धड्याच्या शेवटी त्यांची थोडक्यात बोळवण केलेली आढळेल. शिकवणीवर्गात हा भाग एका तासिकेत उरकला जातो: इव्हानोव्स्की १८९२, बायेरिंक १८९८, स्टॅन्ली १९३५, पाठ करा आणि पुढे चला. परंतु तंबाखूच्या रोगट पानाचा रस जीवाणूही अडकून पडतील अशा गाळणीतून गाळल्यावरही निरोगी झाडाला रोग देतो, आणि पुढे त्याच रोगकारकाचे मिठासारखे स्फटिक बनविता येतात, हे वाचून ज्याचे मन क्षणभर थबकते, ‘मग हे सजीव की निर्जीव?’ असे जो विचारतो, त्याच्याकडे पालकांनी नीट लक्ष द्यावे. या प्रश्नाला परीक्षेत गुण नसले तरी संशोधनाचा आरंभ अशाच प्रश्नातून होतो.

अशीच एक विद्यार्थिनी गेल्या खरिपात मऊरानीपूरकडील आजोळहून उडदाची काही पाने वहीत घालून घेऊन आली होती. पहिल्या पानावर शिरांच्या मधोमध पिवळे ठिपके, दुसऱ्यावर ते पसरून एकमेकांत मिसळलेले, आणि शेंड्याकडचे पान हळदीने माखल्यासारखे. सोबतच्या शेंगा आखूड आणि वाकलेल्या. मामांनी बुरशीनाशक दोनदा फवारले, पैसे गेले, रोग हटला नाही. हा पिवळा मोझॅक. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतून १९६० साली मुगावर त्याची प्रथम नोंद झाली. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषून तो पुढच्या झाडापर्यंत नेते, म्हणून बुरशीच्या औषधाचा येथे काडीचाही उपयोग नाही. प्रतिकारक वाण पेरणे, रोगट रोपे वेळीच उपटणे आणि माशीचा बंदोबस्त करणे, एवढेच हाती राहते. ज्या बुंदेलखंडात उडीद हे खरिपाचे मुख्य पीक आहे तेथे या विषयाचा जाणकार माणूस निरुपयोगी ठरेल, असे कोणी म्हणू शकेल काय?

सृष्टीत जे अगम्य वाटते त्यातले पुष्कळसे अशाच साध्या जीवशास्त्राने उलगडते. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड झाशीपर्यंत येऊन पोहोचली आणि अग्निशामक दलास औषधासह सज्ज राहण्याचा हुकूम सुटला, तेव्हा कित्येकांनी तो दैवी कोप मानला. परंतु एकेकटा वावरणारा टोळ आणि थव्याने चालून येणारा टोळ ही एकाच जातीची दोन रूपे आहेत, हे उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९२१ सालीच मांडले होते, आणि दाटीत मागच्या पायांना वारंवार स्पर्श झाल्याने शरीरात सेरोटोनिन वाढून हे रूपांतर सुरू होते, हे २००९ साली प्रयोगाने दाखविले गेले.

याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. पीतज्वर हिंदुस्थानात शिरला की काय, ही धास्ती होती. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील मंडळी जंगलात जाऊन राहिली, मेलेल्या माकडांचे आणि गोचिडांचे नमुने त्यांनी तपासले, आणि हा पीतज्वर नसून गोचिडांतून पसरणारा एक नवाच विषाणू आहे असे सिद्ध केले. तोच माकडताप पुढे २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आला. पुण्याचे ते केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, आणि तेथे विषाणुशास्त्राची एम.एस्सी. करता येते.

इतके दूर जाण्याचीही निकड नाही. झाशीतच राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, भारतीय चरागाह व चारा अनुसंधान संस्था १९६२ पासून आहे, आणि शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेरला संरक्षण संशोधनाची मोठी प्रयोगशाळा विषाणूंवर काम करते. कृषी पदवीनंतर वनस्पतिरोगशास्त्र किंवा कीटकशास्त्र घेता येते. निखळ विज्ञानाची ओढ असल्यास पुणे आणि भोपाळ येथील आयसर संस्था आहेत. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत मात्र गणितही येते, तेव्हा जीवशास्त्र घेतले म्हणून दहावीनंतर गणिताला रामराम ठोकू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

‘सर, बीएस्सी करून पोरगं खाणार काय?’ असे वडील विचारतात, आणि ती चिंता रास्त आहे. वाट लांब आहे. एम.एस्सी.नंतर ‘नेट’ या पात्रता परीक्षेतून संशोधकवृत्तीसाठी निवड झाल्यास २०२३ पासून कनिष्ठ संशोधकास दरमहा ३७,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, त्यापुढे पीएच.डी.ची वर्षे, कित्येकदा कंत्राटी नेमणुका, आणि कायम जागेसाठी धीर धरणे. ज्याला विषयाची ओढ नाही त्याने इकडे फिरकू नये. परंतु ज्याला ओढ आहे त्याला ‘आपल्या घराण्यात एक तरी डॉक्टर हवा’ या हट्टापायी दोन-तीन वर्षे खोलीत कोंडून ठेवणाऱ्या आईबापांना माझे सांगणे आहे की हे वात्सल्य नव्हे, ही जबरदस्ती आहे. मी अशी मुले पाहिली आहेत जी विसाव्या वर्षी प्रश्न विचारणेच विसरून गेली होती, आणि त्यांना पुन्हा पुस्तकाकडे वळविताना मला शिकस्त करावी लागली. म्हणून मी आता मुलाशी एकट्याने बोलल्यावाचून कोणताही सल्ला देत नाही. त्या वेळी आईवडिलांनी बाहेर बसावे.

एक व्यावहारिक सूचना. आयसरचे आणि केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेचे अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधीच भरावे लागतात. जूनमध्ये निकाल पाहून माझ्याकडे धावत येणाऱ्यांची मुदत केव्हाच टळलेली असते, आणि मग पदरात पडतो तो ‘ड्रॉप’च. नीटचा अर्ज भराल त्याच आठवड्यात या दोन परीक्षांच्या तारखा पाहून ठेवा, आणि अर्जांची खिडकी उघडताच त्याच कागदपत्रांनिशी तेही भरून टाका.