पांढरा पांढराच राहावा म्हणून

पॉलिमर क्लेचे मोगऱ्याचे कानातले करायला घेतले की एक तक्रार हमखास येते: पाकळ्या सुबक झाल्या, पण रंग मळकट आला. दोष लगेच हातांना दिला जातो. हात स्वच्छ हवेतच, पण क्ले लाटण्यासाठी जे पास्ता मशीन आपण वापरतो, त्यातूनही बराच मळ येतो आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून पांढऱ्या क्लेचं पाकीट उघडण्याआधी मशीनकडे बघायचं.

ही क्ले म्हणजे माती नव्हे. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर हे तिचे मुख्य घटक. भाजेपर्यंत ती किंचित चिकट राहते आणि जे लागेल ते धरून ठेवते: धूळ, कपड्याचा धागा, मांजराचा केस. कामाला बसताना लोकरीचे किंवा गडद, तंतू सुटणारे कपडे नकोत. जुना, बऱ्याचदा धुतलेला फिक्या रंगाचा सुती कुर्ता उत्तम. मोठी गुळगुळीत सिरॅमिक टाइल घ्या, ओल्या फडक्याने पुसा, कोरडी होऊ द्या. वर्तमानपत्रावर काम करू नका. शाई उठते आणि कागद प्लॅस्टिसायझर शोषून घेतो. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात ते जमणार नसेल तर निदान वारा थेट टेबलावर येणार नाही असं बघा.

आता मशीन. दोन रोलरच्या खालच्या बाजूला, त्यांना जवळजवळ टेकलेल्या धातूच्या पट्ट्या असतात. रोलरला चिकटलेलं खरवडून काढणं हे त्यांचं काम. पास्त्यासाठी ते ठीक, पण क्लेचा चुरा नेमका तिथे साठतो. काल लाटलेल्या लाल क्लेचा कण आज पांढऱ्या पोळीत उमटतो तो तिथूनच. पट्टी रोलरवर घासली गेली तर धातूची करडी पूडही सुटते. शिवाय रोलरच्या दोन्ही टोकांकडून वंगणाचा काळा अंश झिरपतो. मळ कुठून येतोय हे पोळीवरूनच ओळखता येतं. सुटा रंगीत ठिपका दिसला तर तो पट्टीतला चुरा, कडेला काळी रेघ दिसली तर वंगण, आणि पोळीभर करडेपणा असेल तर धातूची पूड किंवा हात.

मशीन पाण्याने धुवायचं नाही. आत गंज चढतो. अंतर सर्वांत रुंद ठेवा. काही मशीनवर त्यासाठी लहान आकडा असतो, काहींवर मोठा, तेव्हा रोलरकडे बघूनच ठरवा. टिश्यू पेपरच्या घडीवर थोडं सर्जिकल स्पिरिट घ्या, ती रोलरच्या बाहेरच्या अंगाला धरा आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवा. वरच्या फटीजवळ बोटं नेऊ नका, ती आत ओढली जातात. मोटर लावलेली असेल तर हँडलनेच फिरवा, प्लग काढून. मग मशीन उलटं करा आणि पट्टी व रोलर यांच्यामध्ये टिश्यूची पातळ घडी सरकवून हळूहळू फिरवा. पहिल्यांदा जे निघतं ते पाहून धक्का बसतो. कोपऱ्यातला चुरा बांबूच्या काडीने किंवा टूथपिकने काढा. सुरी नको, रोलरवर चरा पडला की रंग त्यातच बसतो. बेबी वाइप वापरलंत तर नंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. शेवटी टाकाऊ पांढऱ्या क्लेचा तुकडा चार-पाच वेळा फिरवा आणि उजेडात धरून पाहा. तो स्वच्छ निघेपर्यंत चांगली क्ले बाहेर काढायची नाही. नव्या मशीनलाही हे लागू आहे, कारण त्यावर कारखान्यातलं तेल असतं. एकदा क्ले लाटलेल्या मशीनमध्ये खाण्याचं काहीही पुन्हा लाटायचं नाही, हेही घरात सांगून ठेवा.

रंगांचा क्रम आधी ठरवला की निम्मी सफाई वाचते. पांढरा पहिला, मग मोतिया, पिवळा, फिका गुलाबी, हिरवा आणि शेवटी लाल, निळा, काळा. सोनेरी आणि चमकीचे रंग त्याच्याही नंतर, कारण ती चमक चिवट असते. प्रत्येक रंगानंतर हात वेट वाइपने पुसा, नखांच्या कडांसकट. ग्लोव्ह्ज घालत असाल तर तेही बदला किंवा पुसा. लाल लागलेला ग्लोव्ह उघड्या हातापेक्षा बरा नाही.

लाटताना क्ले आधी हाताने मऊ करून चपटी करा. जाड गोळा जोराने घातला की तो पट्टीत घुसतो. पोळी रोलरपेक्षा अरुंद ठेवा, दोन्ही टोकांना बोटभर जागा मोकळी सोडा. वंगणाचा डाग टाळायला याहून सोपा उपाय नाही. अंतर एकेक आकड्याने कमी करा. घडी घातलेली कड आधी आत जाऊ द्या, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. क्ले फार चिकटायला लागली तर ती पिशवीत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

सगळ्यात कस लागतो तो कमळाच्या पाकळीत, पांढऱ्यातून गुलाबीत विरघळणाऱ्या छटेत. या पद्धतीला अमेरिकन कलाकार ज्युडिथ स्किनर यांच्या नावावरून स्किनर ब्लेंड म्हणतात. दोन रंगांचे त्रिकोण जोडून पोळी करायची, खालची कड वरच्या कडेवर दुमडायची आणि दर वेळी त्याच दिशेने फिरवत राहायचं. छटा एकजीव व्हायला वीसेक फेऱ्या तरी लागतात, आणि प्रत्येक फेरीत मशीनमधला मळ थोडा थोडा मिसळत जातो. त्यामुळे इथे आठ-दहा फेऱ्यांनंतर थांबून रोलर पुन्हा पुसा. गुलाबी टोक रोलरच्या ज्या भागावरून जातं तिथेच सगळ्या फेऱ्यांत ठेवा, पोळी उलटसुलट करू नका. नाहीतर पांढऱ्या टोकाला गुलाबी झाक येते.

एवढं करूनही कण दिसलाच तर बोटाने घासू नका, तो पसरतो. सुईच्या टोकाने उचला आणि स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने ती जागा हलकेच टिपा. स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावरच वस्तू ओव्हनमध्ये ठेवा, ते पेट घेतं. भाजल्यावर दिसलेला वरवरचा डाग पाण्याखाली बारीक पॉलिश पेपरने, आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या, घासून जातो. पांढऱ्यावर पिवळट झाक आली असेल तर तो मळ नाही, उष्णता जास्त झाली आहे. पाकिटावर दिलेलं तापमान पाळा, ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा आणि वस्तूवर फॉइलचा सैल तंबू करा.

उरलेली पांढरी क्ले लगेच झिपलॉकच्या पिशवीत घाला, रंगीत क्लेपासून वेगळी. कडक, पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डब्यात ठेवू नका. प्लॅस्टिसायझरने डबा विरघळू लागतो आणि क्ले त्याला चिकटते. डागाळलेले तुकडे एकत्र मळून मोठ्या मण्यांच्या आतल्या गाभ्यासाठी ठेवा, वर स्वच्छ पोळी येणारच आहे. मशीन त्याच दिवशी पुसून त्यावर कापडी पिशवी घाला; जुन्या चुऱ्यापेक्षा ताजा चुरा लवकर निघतो.