गुणसूत्रे : पऱ्हाटीचे उदाहरण

पेशीकेंद्रकात डीएनएचे लांब रेणू प्रथिनांभोवती गुंडाळलेले असतात. त्यांनाच गुणसूत्रे म्हणतात. आनुवंशिक गुण ठरविणारी जनुके त्यांवर ठरावीक जागी असतात.

बाळापूर परिसरातील काळ्या शिवाराचे उदाहरण घ्या. जुन्या देशी पऱ्हाटीत 26 गुणसूत्रे, तर आज सर्वत्र दिसणाऱ्या अमेरिकन कपाशीत 52. (माणसात 46, संख्येवरून जीवाची थोरवी ठरत नाही!) देशी वाण पाण्याचा ताण सोसतात, अमेरिकन वाणांचा तंतू लांब. मग दोहोंचा संकर का करू नये?

परागकणात व बीजांडात गुणसूत्रे निम्मी होतात : 13 आणि 26. म्हणून संकरित रोपात 39 येतात. अमेरिकन कपाशीकडून आलेल्या 26 पैकी 13 गुणसूत्रे देशीच्या गुणसूत्रांची नातलग. त्यांच्या जोड्या बहुतांशी जुळतात. उरलेली 13 एकाकी राहतात. अर्धसूत्री विभाजनात त्यांची वाटणी विस्कटते आणि रोप फुलले तरी सहसा सरकी धरत नाही. कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे 78, केली की प्रत्येकास जोडीदार लाभतो व वांझपणा बऱ्याच अंशी दूर होतो.

अशा रोपाच्या परागकणात किती गुणसूत्रे असतील, ते कारणासह लिहा.