बंब पेटवताना: पाणी आधी, विस्तव नंतर

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पहाटे गारवा पडतो आणि शनिवार-रविवारी पाहुणे येतात. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात गटातल्या कितीतरी जणी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. समुद्रावरून आलेला पाहुणा अंगाची वाळू काढायला आधी काय मागतो? गरम पाणी. म्हणून या वेळचा पाठ बंबाचा.

'आता कोण बंब वापरतं?' असं काही जणी म्हणतील. पण मागीलदारी तो असतो, निदान माळ्यावर तरी असतोच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि अनेक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा ज्यांच्याकडे बंब होता त्यांनी पडलेल्या झावळ्यांवर आणि पोफळींवर पाणी तापवलं. गीझर भिंतीवर होता, पण नुसता शोभेला.

आधी त्याची रचना बघू. बाहेरचं तांब्याचं किंवा पितळेचं भांडं, त्यात पाणी. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव. खाली जाळी, जाळीखाली राख पडायची जागा. हवा खालून जाळीतून शिरते, नळीतून वर जाते आणि जाता जाता चारी बाजूंनी पाणी तापवते. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाला लागते, अर्धी तर बाजूनेच निघून जाते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असतो. एवढ्यासाठीच बंबाला जळण कमी लागतं. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने ठोकून असे बंब घडवत आले आहेत. तुमच्या आजेसासूबाईंचा बंब जाड पत्र्याचा असेल तर तो भंगारवाल्याला प्लॅस्टिकच्या टबाच्या बदल्यात देऊ नका. तांबं वजनावर विकलं जातं. विकायचाच असेल तर आधी स्वतः वजन करा, मग भाव विचारा.

बंब दोन प्रकारचे मिळतात आणि तुमचा कोणता हे कळणं फार महत्त्वाचं आहे. एकाला तळाजवळ तोटी असते. तोटी उघडली की पाणी येतं आणि बंब रिकामा होत जातो. दुसऱ्याला वर नरसाळं असतं आणि गरम पाण्याची चोच वरच्या अंगाला. त्यात गार पाणी ओताल तेवढंच गरम पाणी बाहेर येतं, बंब भरलेलाच राहतो. तळाच्या तोटीवाला बंब असेल तर घरातल्या सगळ्यांना एक नियम पाठ करायला लावा: एक बादली काढली की एक बादली ओतायची.

कारण सांगते. बंबाचे सांधे डाग देऊन, म्हणजे झाळून जोडलेले असतात. मऊ झाळ साधारण २०० अंशांच्या आसपास वितळते. आत पाणी असेल तोवर पत्रा १०० अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाणी उष्णता ओढून घेतं. पाणी संपलं की विस्तवाची सगळी आच पत्र्यावर येते, सांधा सुटतो, नळी वाकते. त्यात गार पाणी ओतलं तर भस्सकन वाफ उसळते आणि ओतणारीचे हात-तोंड भाजतात. चुकून रिकामा तापलाच तर पाणी ओतायचं नाही. विस्तव खाली ओढून काढायचा आणि बंब आपोआप निवू द्यायचा.

भरतानाही काठोकाठ भरू नका, तीन-चार बोटं जागा सोडा. तापलेलं पाणी फुगतं. आणि झाकण सैलच असू दे. पाणी लवकर तापावं म्हणून कोणी झाकणावर दगड ठेवतं, कोणी चोचीत फडकं कोंबतं. वाफेला वाट नसेल तर बंबाचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही.

आता जळण. इथे थोडा हिशेब करू, घाबरू नका. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायची म्हणजे २० गुणिले २०, चारशे किलोकॅलरी. सहा पाहुण्यांच्या सहा बादल्या म्हणजे २४००. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, तेव्हा पावणेतीन-तीन युनिट. गॅसवर करायचं तर शेगडीची आच वाया जाते ती धरून रोज साडेतीनशे ते चारशे ग्रॅम गॅस. म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर नुसत्या आंघोळींवर सव्वा महिन्यात संपेल, स्वयंपाक वेगळाच. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. त्यातली निम्मी जरी पाण्यात गेली तरी दीड किलोच्या आत काम होतं. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर आणि सिलिंडरची किंमत यात घाला, उत्तर तुमच्याच वहीत येईल.

पण लाकूड वाळलेलंच हवं. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी आधी उकळून उडतं, त्यात आच जाते, वर धूर आणि नळीत काजळी. ओलं लाकूड स्वस्त पडतं असं वाटतं, पण आच निम्म्याजवळ येते. ऑक्टोबरच्या उन्हात फोडून, जमिनीपासून वर विटांवर रचून ठेवा. पावसाळ्यात तर बंबाचं जळण वेगळं झाकलेलंच असू दे.

आपल्याकडे जळणाला तोटा नाही. करवंट्या झटपट पेटतात आणि आच कडक देतात. सुरुवातीला दोन-तीन करवंट्या, मग सुक्या झावळ्यांचे जाड देठ किंवा सुरूच्या काटक्या. सोडणं धुमसतात, धूर फार करतात. ती पेटवायला नकोत, पण निखारा धरून ठेवायला चांगली. वन खात्याच्या सुरूबनातून तोड करायची नाही. आणि कांदळवन तर अजिबात नाही, तो गुन्हा आहे. शिवाय कांदळवन गेलं की खाडीतले मासे कमी होतात, म्हणजे नुकसान आपलंच.

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली लाकडं फुकट दिसतात, पण ती मिठाने मुरलेली असतात. जळताना त्यातलं मीठ विषारी धूर करतं आणि बंबाची जाळी नि पत्रा खाऊन टाकतं. जुन्या होडीच्या रंग-डांबर लावलेल्या फळ्याही तशाच. विस्तव धरावा म्हणून नायलॉनच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा किंवा पिशवी टाकायची सवय मी अनेक घरांत बघितली आहे. ती सोडा. नारळाची किशी किंवा वाळकं गवत तेच काम करतं.

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बैठकीत एकजण वाचून दाखवत असेल तर इथे जरा सावकाश वाचा.

बंबात कोळसा घातला की धूर येत नाही, म्हणून तो न्हाणीघरात आत घेऊन दार लावतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं वाटतं. खरं उलटं आहे. लाल निखारा कमी हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि शरीर आतून गुदमरत असतं. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, मग गुंगी. गुंगी आली की दारापर्यंत जायची ताकदच राहत नाही.

म्हणून बंबाची जागा मागीलदारी, पडवीत किंवा उघड्या छपराखाली. न्हाणीघरात पाणी न्यायचं, विस्तव नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हाच नियम, तोही बाहेरच हवा. पाहुण्यांच्या खोलीत तर याबाबतीत तडजोड नकोच.

आणि बाळंतिणीची शेगडी. हा विषय काढला की आज्या माझ्याकडे 'ही कालची पोर' अशा नजरेने बघतात, तरी काढते. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, फटींत कपडे, आणि खाटेखाली किंवा कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी. वर ओवा-वावडिंगाची धुरी. आत बाळ आणि आई दिवसभर. बाळाचा श्वास आपल्यापेक्षा वेगाने चालतो, तेव्हा वायू त्याच्या अंगात आधी भिनतो. धुरीने त्याची छाती भरते ते वेगळंच. शेक बंद करा असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला ऊब हवीच. पण ती गरम पाण्याच्या पिशवीने द्या, बाहेर तव्यावर गरम केलेल्या फडक्याने द्या, कोवळ्या उन्हात बसवून द्या. पिशवी फडक्यात गुंडाळून, आणि बाळाच्या अंगाला तर लावूच नका. सासूबाईंना पटत नसेल तर आशाताईंना घरी बोलवा. सुनेने सांगितलं तर वाद होतो, आशाताईंनी सांगितलं तर सल्ला होतो.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी किंवा मळमळ झाली आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर वायूचीच शंका घ्या. कोणी निपचित पडलेलं दिसलं तर दार-खिडक्या सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत ओढून आणा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात 'कोळशाची शेगडी पेटलेली होती' हे वाक्य न विसरता सांगा. बोटाला लावायचं यंत्र अशा वेळी आकडा नेहमीसारखाच दाखवू शकतं, त्यामुळे न सांगितलं तर डॉक्टरांना कळायला उशीर होतो.

भाजण्याबद्दल थोडक्यात. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोल भाजतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम ठेवा. पाहुण्यांच्या मुलांना बंबाभोवती खेळू देऊ नका, त्यांनी ही वस्तू कधी पाहिलेलीच नसते. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही.

देखभालीचं काम आठवड्याला अर्ध्या तासाचं आहे. बंब पूर्ण निवल्यावर काठीला काथ्या बांधून नळीतली काजळी उतरवा. काजळीचा थर आच अडवतो, मग जळण जास्त जातं. जाळीची भोकं मोकळी करा, राख रोज काढा. राखेत निखारा लपून राहतो, तेव्हा प्लॅस्टिकच्या घमेल्यात भरू नका. पत्र्याच्या डब्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी भांड्यांना घ्या किंवा नारळाच्या आळ्यात टाका. मात्र युरियाबरोबर नको, नत्र उडून जातं.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, आत क्षारांचं पांढरं कीटण धरतं. महिन्यातून एकदा आमसुलाचं दाट पाणी करून भरा, कोमट करून दोन-तीन तास ठेवा, मग तोटीतून काढून दोनदा स्वच्छ पाण्याने विसळा. बाहेरून चिंच-मीठ आहेच. आतबाहेर हिरवट कळक दिसला तर तो घासून काढा. बंबाचं पाणी आंघोळीचंच. ते चहाला, भाताला, बाळाच्या दुधाला घ्यायचं नाही, हे पाहुण्यांनाही सांगा. गरम पाणी आयतं दिसलं की कोणी तरी त्यात कॉफी करतंच.

बंब जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा. गळतो का ते बघायला रात्री भरून खाली कोरडी राख पसरा, सकाळी ओला डाग दिसेल. तोटी ठिबकत असेल तर वॉशर बदला. सांधा गळत असेल तर वरून चिकटवायचं सामान थापू नका, आचेला ते टिकत नाही. तांबटाकडून डाग देऊन घ्या. नवा बंब घ्यायला गटाचं कर्ज काढावं असं मात्र मला वाटत नाही. चारपेक्षा जास्त खोल्या असतील तर सौर पाणीतापकाचा विचार करा आणि बंब ढगाळ दिवसांसाठी ठेवा.

पुढच्या बैठकीपर्यंत एक करा. ज्यांच्याकडे बंब आहे त्यांनी आठ दिवस रोजचं जळण वजनकाट्यावर तोलून लिहा, शेजारी किती बादल्या निघाल्या ते लिहा. चार दिवस नेहमीसारखं, मग काजळी काढून चार दिवस. ज्यांच्याकडे गीझर आहे त्यांनी त्याच आठ दिवसांचं मीटर लिहा. वह्या घेऊन या, फळ्यावर शेजारी शेजारी मांडू.