रेखाटनात काय गाळलं, ते आधी लिहा

बाळांनो, तुम्ही दोघं चेन्नईला शिकायला आलात. एक गिंडीला आर्किटेक्चर शिकतेय, दुसरा शेजारच्या आयआयटीत प्रोसेसर डिझाइन. मी याच शहरात इमारतींचे नकाशे काढत आलो, काकू चिपच्या डिझाइनमध्ये होती. आम्हा दोघांचं मिळून हे सांगणं. कामं वेगळी, पण धोका एकच: कागदावर सोपं करून मांडलेलं तेवढंच खरं धरून पुढे जाणं.

1. गाळलेलं लिहून ठेवा. नकाशात वीटभिंत 230 मिमी असते. आतून 12 आणि बाहेरून 20 मिमी गिलावा चढला की ती 260च्या वर जाते. माप गिलावा धरून की सोडून, हे लिहिलं नाही तर कपाट कोनाड्यात बसत नाही आणि मिस्त्री-सुतारांची जुंपते. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह इन्स्ट्रक्शन सेटवर, म्हणजे आज्ञांच्या नियमावलीवर, बेतला आहे, त्यात पूर्णांकाला शून्यानं भागलं तरी प्रोसेसर अडत नाही. उत्तरात सगळे बिट 1 येतात; चिन्हासह वाचलं तर उणे एक. नियमपुस्तकात हे स्पष्ट लिहिलं आहे. न वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम चुकीचं उत्तर घेऊन बिनबोभाट पुढे जातो.

2. एकाच चित्रावर विसंबू नका. प्लॅनमध्ये जिना सुबक दिसतो. लँडिंगखालून जाताना डोकं आपटेल का, हे सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढल्यावरच कळतं. नॅशनल बिल्डिंग कोड तिथे किमान 2.2 मीटर उंची मागतो. प्रोग्रॅममध्येही आज्ञा एकाखाली एक दिसतात, पण प्रोसेसरच्या पाच टप्प्यांच्या पाइपलाइनमध्ये एकाच वेळी पाच आज्ञा निरनिराळ्या टप्प्यांवर असतात. मागच्या आज्ञेचं उत्तर पुढचीला वेळेत मिळतंय का, हे क्लॉकचा एकेक ठोका मांडून बघा.

3. काम दुसऱ्याच्या हाती गेलं तरी अडू नये. माउंट रोडवरच्या एलआयसी इमारतीचं काम लंडनच्या ब्राउन आणि मूलिन या वास्तुविशारदांनी सुरू केलं आणि आपल्या एल. एम. चितळ्यांनी तडीस नेलं; 1959 साली तिचं उद्घाटन झालं. ‘शक्ती’च्या 2018च्या दोन चिप बघा: एक अमेरिकेत इंटेलकडे 22 नॅनोमीटरवर घडली, दुसरी चंडीगढजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटरवर. कारखाना बदलला तरी प्रोग्रॅमला दिलेला शब्द, म्हणजे इन्स्ट्रक्शन सेट, तोच राहिला. काय पाळायचं आणि काय बदललं तरी चालेल, हे पहिल्या पानावर वेगवेगळं मांडा.

4. हद्दीबाहेर बघा. साइट प्लॅनवर प्लॉटची हद्द ठळक असते, पण पाणी जमिनीच्या उतारानं जातं. डिसेंबर 2015च्या पुरात चेन्नईनं हे भोगलं. कंटूर, जुनी तळी आणि ओढे हद्दीच्या पलीकडेही दाखवा. चिपच्या जगात जानेवारी 2018मध्ये ‘स्पेक्टर’ नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली. इन्स्ट्रक्शन सेट उत्तर काय येईल ते सांगतो, किती वेळानं येईल ते सांगत नाही. प्रोसेसर अंदाजानं पुढचं काम उरकून ठेवतो, त्याच्या खुणा कॅश मेमरीत उरतात, आणि निव्वळ वेळ मोजून गुप्त माहिती काढता येते हे तेव्हा दिसलं. वेळ, उष्णता, पाणी या गोष्टी चित्रात नसल्या तरी कामात असतातच.

5. जागेवर जाऊन चित्र दुरुस्त करा. बांधताना पाइप सरकला, चाचणीत सर्किट बदललं, तर त्याच दिवशी मूळ रेखाटनात बदल करा. तारीख, कारण आणि स्वतःची सही घाला. पुढे भिंत फोडणारा किंवा चिप तपासणारा माणूस तुमच्या कागदावर भरवसा ठेवणार आहे. त्याला जुना कागद देऊ नका.