मांजर बदनाम, बोका मोकाट

आमची मनी सोफ्यावर मुतते, ही बातमी वडूजच्या आमच्या आळीत माझ्याआधी शेजारणीला कळली होती. "वहिनी, मांजराला वळण न्हाई तुमच्या," हे तिनं दारात उभं राहून, नाकाला पदर लावून सांगितलं. घरातही तोच सूर. आत्याबाईंचा तोडगा तयार होता: पोत्यात घाला आणि येरळा नदीपलीकडं सोडून या. मी एकटीच सांगत होते, की मनीचं ऑपरेशन झालंय, वाळूच्या घमेल्याशिवाय ती कुठं बसत नाही, हे काम तिचं नाही. ऐकतंय कोण!

शेवटी भाच्याच्या दुकानातली नोटा तपासायची जांभळी बॅटरी आणली आणि दिवे घालवून सोफ्यावर मारली. पाठीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिवळट ओघळ चमकले. बैठकीवर मात्र थेंब नाही. मांजर बसून मुतलं असतं तर बैठक भिजून थारोळं झालं असतं. हे उभ्यानं, पाठ लावून मारलेलं होतं. तसेच ओघळ खिडकीच्या चौकटीला, तेही बाहेरून.

त्याच रात्री अंधारात बसून राहिले. खिडकीच्या गजांतून पिवळा बोका आत आला, शेपटीचं टोक तुटलेला. सोफा हुंगला, वळला, शेपूट काठीसारखी ताठ केली, मागचे पाय जागच्या जागी हलवले. शेपूट थरथरली आणि फस्सकन फवारा. आला तसा निवांत निघून गेला. मनी बिचारी फ्रिजवर अंग फुगवून बसलेली.

पुढच्या खेपेला मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि शेजारणीला दाखवला. "रात्री सगळी मांजरं सारखीच दिसत्यात." तुटकी शेपूट दाखवली. "तसली गावात लई हायती." हाच बोका उंदीर धरतो तेव्हा "आमचा बोका", वाटीभर दूध पितो तेव्हा "आमचा बोका". ऑपरेशनचं नाव काढलं की, "त्यो कुठं आमचा, आपला येतो-जातो." आमच्या मनीला वळण नाही म्हणणारी हीच बाई!

असो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते.

आधी गुन्हेगार कोण ते ठरवा. उभ्या वस्तूवर थोडासा ओघळ म्हणजे हद्द आखणं, आडव्या जागेवर थारोळं म्हणजे लघवी. माद्याही कधीकधी फवारतात, पण कमी. बाहेरचा बोका दाराशी वास सोडून गेला की घरातलं मांजरही बिथरून उत्तर देतं, त्यामुळे खिडकीला जाळी हवीच. आणि बोका सारखा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण थेंबच पडतोय, तर तो खोडी करत नाही. त्याची लघवी अडकलीय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एक-दोन दिवसांत जीव जातो.

फिनेल ओतू नका. वास झाकला जातो, जात नाही. शिवाय फिनेलमधली फिनॉलं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत आणि पंजे चाटताना तीच पोटात जातात. डांबरगोळ्याही तितक्याच विषारी. ब्लीच तर लघवीवर मुळीच टाकू नका, त्यातून घातक वायू निघतो. आधी कापडानं टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर मुरेपर्यंत लावा आणि आपोआप वाळू द्या. वरवर पुसलं तर बोका परत तिथंच येतो.

खरा इलाज ऑपरेशन. पाच-सहा महिन्यांचा झाला की करून टाका. दहातल्या नऊ बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. मात्र फरक दिसायला काही आठवडे जातात, आठवड्यात डॉक्टरशी भांडायला जाऊ नका. आपल्याकडच्या दवाखान्यांत गाई-म्हशी-शेळ्यांचीच गर्दी, म्हणून मांजराचं होतं का ते आधी विचारा. नाहीतर सातारा, किंवा शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय.

नखांचं वेगळं. सोफा ओरबाडणं हा राग नव्हे. नखाचं जुनं टरफल निघतं, अंग ताणलं जातं आणि पंजाचा वासही मागं राहतो. फळीवर तरटाचं पोतं घट्ट ठोका, मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढी उंची ठेवा, फळी हलता कामा नये. ती सोफ्याला खेटून ठेवा, माळ्यावर ठेवून उपयोग नाही. नखं कापायची तर पांढरं टोकच, गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. मारू नका, नाक घासू नका. धीर धरा, जीव लावा, वगैरे सगळे सांगतातच.

आणि नदीपलीकडं सोडायला सांगणाऱ्यांना सांगा, की पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं विनाकारण टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

जाळी मी माझ्या पैशानं बसवली. सोफ्याची पाठ नव्यानं भरून घेतली, तेही माझ्याच पैशानं. बोका आता पायरीवर फवारतो आणि दूध शेजारीच पितो. माझं म्हणणं एवढंच: रोज दूध घालता, तर ऑपरेशनही तुम्हीच करायचं. जमत नसेल तर बोका आपला म्हणू नये, आणि दुसऱ्याच्या मांजराचं वळण काढायला तर मुळीच येऊ नये.