न भरलेल्या कराचा हिशेब

वजाबाकीस दोन संख्या लागतात, हे आपण अगदी लहान इयत्तेत शिकतो. सरकारी तिजोरीत कर किती जमा झाला, ही संख्या दप्तरी असते. परंतु कायद्याप्रमाणे किती जमा व्हावयास हवा होता, ही संख्या कोणत्याच वहीत सापडत नाही. ज्याने उत्पन्न दडविले, तो त्याची नोंद सरकारास कशाला दाखवील? या दोहोंतील अंतर म्हणजे कराची तूट. तीत लबाडी येतेच, पण प्रामाणिक चुका आणि दिवाळखोरांकडील थकबाकीही येते.

आपल्या देशात अशी वजाबाकी केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९५६ साली मांडली. राष्ट्रीय उत्पन्नातील व्यापार, कारखानदारी इत्यादींचा वाटा घ्यावयाचा, त्यांपैकी करपात्र किती असावे हे ठरवावयाचे, आणि त्यातून प्रत्यक्ष आकारणी झालेले उत्पन्न वजा करावयाचे. वर्षास २०० ते ३०० कोटी रुपयांचा प्राप्तिकर बुडतो, असा त्यांचा अंदाज होता. रीत सुबक खरी. पण 'किती असावे' या एका पायरीवर सारे गणित हेलकावे खाते. लहान दुकानदारांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली धरले की बाकी घटते, वर धरले की फुगते. पुढे वांछू समितीने १९७१ च्या अहवालात १९६५-६६ चे दडलेले उत्पन्न १,००० कोटी ठरविले. तिचेच सदस्य डी. के. रांगणेकर यांनी भिन्नमतपत्रिकेत २,३५० कोटी सांगितले. देश एक, वर्ष एक, आणि उत्तरे अशी! आमच्या वर्गात दोघांनाही पायऱ्यांचे गुण द्यावे लागले असते.

मग हा खटाटोप कशासाठी? माझ्या मते, एकूण बेरजेपेक्षा गळती कोठे आहे हे कळणे अधिक मोलाचे. त्यासाठी दुसरी रीत आहे: चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे थोडे करदाते निवडून त्यांचे हिशेब कसून तपासावयाचे. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकापासून अशा तपासण्या होत आल्या आहेत. कसलेला लेखनिकही जे शोधू शकत नाही ते येथेही निसटतेच. तरी तेथील निष्कर्ष बोलका आहे. पगारातून कर परस्पर कापला जातो तेथे शंभर डॉलरांमागे सुमारे एकच दडतो; जेथे उत्पन्नाची खबर तिसरा कोणीच देत नाही, तेथे निम्म्याहून अधिक. म्हणजे कारकुनाचा व शिक्षकाचा कर पगार हाती येण्यापूर्वीच वसूल होतो, आणि रस्त्यांचा, शाळांचा जो खर्च इतरांनी चुकविला, त्याचा भार पुन्हा त्यांच्याचकडे येतो.