खेळ आणि शिक्षण : कॅनडातील तरुण हॉकीपटूंपुढील दोन वाटा

कॅनडात हॉकी म्हटले की ती बर्फावरचीच हॉकी होय. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब काठी आणि चेंडूऐवजी कठीण रबराची चकती, असे या खेळाचे स्वरूप आहे. हिवाळ्यात तळी गोठून जाणाऱ्या त्या देशात मुले चार-पाच वर्षांची असतानाच बर्फावर उतरतात. त्यांच्यातील गुणी मुलांपुढे पंधराव्या वर्षाच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो : ज्युनिअर लीगच्या संघात जावे, की शालेय शिक्षण पुरे करून महाविद्यालयाच्या संघाची वाट धरावी?

वरवर पाहता हा प्रश्न खेळापुरता वाटतो. परंतु कोवळ्या वयात घेतलेला निर्णय पुढे बदलता येतो की नाही, हा त्याचा खरा गाभा आहे. अनेक दशके या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. २०२४ साली एका निर्णयाने ते बदलले. शिक्षक, क्रीडा क्षेत्रातील अधिकारी आणि गावाच्या शाळेची काळजी वाहणारे पंचायत सदस्य यांना या बदलातून घेण्यासारखे पुष्कळ असल्याने या दोन वाटांचा परिचय येथे करून देत आहोत.

ज्युनिअर लीगची वाट

कॅनडियन हॉकी लीग ही तीन लीगची शिखर संघटना आहे. पश्चिमेकडील वेस्टर्न हॉकी लीग, ऑन्टॅरिओ हॉकी लीग आणि पूर्वेकडील क्यूबेक मॅरिटाइम्स ज्युनिअर हॉकी लीग या त्या तीन लीग होत. तिन्ही मिळून सुमारे ६० संघ आहेत व त्यांतील काही अमेरिकेच्या वॉशिंग्टन, ऑरेगॉन, मिशिगन व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत आहेत. सर्वसाधारणपणे १६ ते २० वर्षे वयाचे खेळाडू यांत खेळतात. संघांकडून त्यांची निवड मात्र त्याआधीच, चौदाव्या-पंधराव्या वर्षी होते.

निवड झालेला मुलगा आपले घर सोडून संघाच्या गावी राहावयास जातो. तेथे एखादे स्थानिक कुटुंब त्याला आपल्या घरी ठेवून घेते. सकाळी गावातील शाळा व दुपारी सराव असा त्याचा दिनक्रम असतो. वेस्टर्न व ऑन्टॅरिओ लीगमध्ये मुख्य हंगामात प्रत्येक संघ ६८ सामने खेळत आला आहे. बाद फेरीचे सामने त्यानंतर. वेस्टर्न लीगचा विस्तार मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडनपासून पॅसिफिक किनाऱ्याजवळील बेटावरच्या व्हिक्टोरियापर्यंत आहे. एवढ्या प्रदेशातील बहुतेक प्रवास बसने होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे शाळेच्या उपस्थितीचे काय होत असेल याची कल्पना येईल.

या वाटेचे आकर्षण मोठे आहे. प्रौढांच्या व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघास मुख्य हंगामात ८० हून अधिक सामने खेळावे लागतात. त्या धकाधकीची सवय ज्युनिअर लीगमध्येच होते. वेन ग्रेट्स्की, सिडनी क्रॉस्बी, कॉनर मॅकडेव्हिड हे थोर खेळाडू याच वाटेने गेले. १९१९ पासून दिला जाणारा मेमोरियल कप हे या लीगचे सर्वोच्च पारितोषिक असून, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मृत्यर्थ ते सुरू झाले.

लीगने शिक्षणाची अगदीच उपेक्षा केली आहे असेही नाही. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे पुढील एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती खेळाडूस मिळते आणि कॅनडातील विद्यापीठांच्या संघांत त्याला पूर्वीपासून प्रवेश आहे. मात्र या शिष्यवृत्तीला मुदतीच्या व अन्य अटी असतात. त्या करारावर सही करण्यापूर्वीच वाचून घेणे अगत्याचे असते.

महाविद्यालयाची वाट

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना १९०६ साली अस्तित्वात आली. तिची पुरुषांची पहिली हॉकी अजिंक्यपद स्पर्धा १९४८ साली झाली. आज पहिल्या श्रेणीत साठाहून अधिक महाविद्यालयांचे संघ आहेत. खेळाडू हा प्रथम विद्यार्थी असला पाहिजे, अशी या व्यवस्थेची अट आहे. माध्यमिक शाळेत १६ मूलभूत अभ्यासविषय ठराविक गुणांनी पुरे केल्याखेरीज त्याला पहिल्या श्रेणीत खेळण्याची पात्रता मिळत नाही.

येथे मुख्य हंगामात ३४ च्या आसपास सामने होतात व तेही बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी. आठवड्याचे उरलेले दिवस वर्ग, सराव आणि व्यायाम यांसाठी मोकळे असतात. खेळाडू साधारणतः १८ ते २४ वर्षांचे असतात. ज्या मुलाचे शरीर उशिरा भरते, त्याला ही वाट मानवते. खर्चाच्या बाबतीत मात्र सर्व महाविद्यालये सारखी नाहीत. हार्वर्ड, कॉर्नेल आदी आठ जुन्या विद्यापीठांचा जो गट आहे, तो खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाही. तेथे कुटुंबाची आर्थिक गरज पाहून साहाय्य मिळते.

उदाहरणादाखल केन ड्रायडन यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. या गोलरक्षकाने कॉर्नेल विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास करीत १९६७ चे राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवून दिले. १९७१ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाला स्टॅन्ली कप मिळाला त्या वेळी बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना लाभला. पुढे १९७३ साली त्यांनी मॅकगिल विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली व पुढचा हंगाम खेळाविना, वकिलीच्या उमेदवारीत घालविला. एकूण सहा स्टॅन्ली कप जिंकून १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. २००४ ते २०११ या काळात ते कॅनडाच्या संसदेचे सदस्य होते आणि काही काळ मंत्रीही. २०२५ साली त्यांचे निधन झाले. खेळ संपल्यानंतरचे आयुष्य खेळाच्या आयुष्याहून किती मोठे असते, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लवकर निवडीतील दोष

चौदा-पंधराव्या वर्षी केलेली पारख कितपत विश्वसनीय असते? १९८५ साली रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील वरिष्ठ ज्युनिअर संघांतील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळली. याचे कारण साधे आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातील डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो. लहान वयात हा फरक उंचीत आणि ताकदीत उठून दिसतो. निवड करणारे त्यालाच गुण समजतात, थोराड मुलास अधिक सराव व चांगले प्रशिक्षक मिळतात आणि मूळचा फरक वाढत जातो.

मार्टिन सेंट लुई हा क्यूबेकचा खेळाडू ठेंगणा होता. व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत त्याला कोणीही घेतले नाही. व्हरमाँट विद्यापीठात तो खेळला, त्यानंतरही एका व्यावसायिक संघाने त्याला सोडून दिले. २००४ साली तोच नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू ठरला व त्याच्या संघाने स्टॅन्ली कप जिंकला. पारख करण्याची घाई झाली असता काय निसटू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

बंद दार आणि ते कसे उघडले

या दोन वाटांमध्ये पूर्वी एक भिंत होती. ज्युनिअर लीगचे खेळाडू महिन्याकाठी थोडा भत्ता घेतात आणि त्यांच्यातील काहींनी व्यावसायिक संघांशी करार केलेले असतात, या कारणास्तव अमेरिकन संघटना त्या लीगना व्यावसायिक मानीत असे. तेथे खेळलेल्या मुलास अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीचे दार बंद होई. सोळाव्या वर्षी ऑन्टॅरिओ लीगमध्ये केवळ दोन सरावसामने खेळल्यामुळे पात्रता गमावलेल्या एका तरुणाच्या वतीने ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दावा दाखल झाला. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी संघटनेने नियम बदलला. प्रत्यक्ष व आवश्यक खर्चापेक्षा अधिक मोबदला न घेतलेल्या ज्युनिअर खेळाडूंना १ ऑगस्ट २०२५ पासून महाविद्यालयाकडून खेळण्याची मुभा मिळाली.

जुन्या नियमामुळे मुलांना काय सोडावे लागे, हे केल मकार या बचावपटूवरून कळते. वेस्टर्न लीगच्या एका संघाने निवड केली असताही तो खालच्या दर्जाच्या प्रांतिक लीगमध्ये खेळत राहिला, कारण त्याला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जावयाचे होते. २०१९ साली तो सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला आणि २०२२ मध्ये स्टॅन्ली कप विजेत्या संघाचा आधारस्तंभ बनला. नव्या नियमानंतर असा त्याग करावा लागत नाही. वेस्टर्न लीगमध्ये नाव मिळविलेल्या गॅव्हिन मॅकेना याने २०२५ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाची निवड केली.

दार उघडल्यानंतरचे प्रश्न

तथापि या बदलाने प्रश्न मिटला असे समजणे चुकीचे ठरेल. महाविद्यालयीन संघांतील जागा पूर्वीइतक्याच आहेत. उमेदवार मात्र वाढले आहेत. लीगमध्ये तीन-चार हंगाम खेळून तयार झालेला वीस वर्षांचा खेळाडू उपलब्ध असताना शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलास जागा मिळणे अधिक अवघड झाले आहे. शिवाय मैदानावरची पात्रता मिळाली, तरी वर्गातली पात्रता आपोआप मिळत नाही. बसच्या प्रवासात ज्याचे गणित आणि भाषा हे विषय मागे पडले, त्याच्यासाठी दार उघडूनही उपयोग नाही. म्हणूनच लीगमधील वर्षांत शाळेचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

येथे थोडा हिशेब मांडणे उपयुक्त होईल. नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येकी २३ खेळाडू धरले तर सर्व मिळून ७३६ जागा होतात. ज्युनिअर लीगच्या ६० संघांत प्रत्येकी २० खेळाडू धरले तरी संख्या १,२०० वर जाते. अमेरिकन महाविद्यालयांत तेवढेच किंवा त्याहून अधिक आहेत, आणि युरोपातून येणारे निराळेच. शिवाय व्यावसायिक जागा दरवर्षी थोड्याच रिकाम्या होतात. कोणतीही वाट धरली तरी बहुसंख्य मुलांना पोटासाठी दुसरे काही करावे लागणार, हे उघड आहे.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. संघाच्या गावातील शाळेत मुलगा आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष वर्गात बसेल?
२. त्याचे विषय महाविद्यालयीन प्रवेशास चालणारे आहेत काय, हे कोणी तपासले आहे?
३. शिष्यवृत्तीचा हक्क किती दिवस टिकतो व कशामुळे संपतो?
४. दुखापत झाल्यास उपचाराचा व शिक्षणाचा भार कोण उचलतो?
५. संघात त्याला प्रत्यक्ष खेळावयास मिळेल, की तो बाकावर बसून राहील?

हे प्रश्न कॅनडातील पालकांचे असले तरी आपल्याकडे ते परके नाहीत. कुस्तीसाठी तालमीत राहावयास जाणारा किंवा कबड्डीच्या संघासाठी शाळा बुडविणारा मुलगा आपल्या गावोगावी आहे. त्याचा खेळ थांबविणे हा उपाय नव्हे. त्याचे नाव शाळेच्या पटावर कायम राहील, बुडालेले धडे भरून निघतील आणि परीक्षेचा अर्ज वेळेवर जाईल, एवढे पाहणे मुख्याध्यापकांच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती आहे. कॅनडातील मुलांसाठी परतीचे दार उघडण्यास कितीतरी दशके आणि न्यायालयातील एक दावा लागला. आपल्या गावातील मुलासाठी ते उघडे ठेवण्याचे काम शाळेच्या हजेरीपटापासून सुरू करता येईल.